पाडेल्याचे पाय

सत्यवान माडावर असला की नर्मदा वर पाहत नाही. ऐकते.

आधी पायात अडकवलेला सुंभाचा दोर खोडाला घासत वर जातो. मग सुकी झावळी कडकन मोडते, म्हणजे तो शेंड्यात शिरला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग कोयत्याचे दोन घाव, आणि धप् धप् करत नारळ वाळूत. शेवटचा नारळ पडला की मनातल्या मनात दहा अंक मोजायचे आणि मग टोपली घेऊन पुढे व्हायचं. लग्न होऊन माडये गावात आल्यापासून सत्तावीस वर्षं ती हेच करत आली आहे. वर पाहून मान दुखते, असं ती बायकांना सांगते. खरं कारण वेगळं आहे. वर पाहिलं की तिला तो पडताना दिसतो.

नारळ पाडणारा तो पाडेली. सत्यवानाचा बाप पाडेली होता, थोरला भाऊ परशुराम पाडेली होता. मालवणहून देवगडकडे जाताना खाडी ओलांडली की उजव्या हाताला जेवढे माड दिसतात, त्यातले निम्मे तरी या तिघांच्या पायाखालून गेलेले. सत्यवान चौदाव्या वर्षी चढायला लागला. त्याच्या पावलांच्या आतल्या बाजूला गुरांच्या खुरासारखी कातडी आहे आणि अंगठे बाकीच्या बोटांपासून इतके फाकलेले आहेत की दुकानातली चप्पल त्याला होत नाही. बोलतो कमी. माडांशी मात्र बोलतो. एखाद्या माडाचं पान वरून हिरवंगार दिसत असलं, तरी तो खोडाला कान लावून उभा राहतो आणि मालकाला सांगतो, "ह्येका सोंड्यो लागलो." सोंड्या भुंग्याची अळी खोडाच्या आत कुरतडत असते. बाहेरून दिसत काही नाही, फार तर एखाद्या भोकातून तपकिरी चीक गळतो. मालक हसतात, माड तर झकास आहे म्हणतात. आणि एखाद्या निवांत दुपारी, वारा नसताना, माडाचा शेंडा मोडून खाली येतो.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात परशुराम गेला. एकवीस माड झाले होते. बाविसावा उतरला, कोयता कमरेच्या आकडीला लावला, पाणी मागितलं आणि खोडाला टेकून बसला. बागेच्या मालकिणीने तांब्या आणेपर्यंत तो बसलेलाच होता, पण पाणी प्यायला उरला नव्हता. वय एक्कावन्न. अंगाने सुकवलेल्या बांगड्यासारखा. डॉक्टरांनी हार्टअटॅक म्हटलं तेव्हा गावाला ते पटलं नाही.

"हार्टअटॅक जाड्या माणसांका येतत," शेजारचा रिक्षावाला भाई बाराव्यापर्यंत सगळ्यांना सांगत होता. "परश्याच्या अंगार मास खंय होता? नजर लागली तेका."

नर्मदेला मात्र त्या दिवसापासून स्वस्थता नाही. सत्यवान परशुरामापेक्षा तीनच वर्षांनी लहान. तेच हाड, तोच बाप, तेच माड.

मुलगी अक्षया सावंतवाडीला शाळेत शिकवते. काकाच्या वर्षश्राद्धाला आली तेव्हा तिने बापाला जवळजवळ ओढतच आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासायला लावलं. वाईट कोलेस्टेरॉल एकशे चौऱ्याऐंशी निघालं. केंद्रातली डॉक्टरीणबाई तरुण, घाटावरची. मालवणी तिला अर्धीच कळे. पण समजावून सांगायची तिला हौस होती. कागदावर एक गोल काढून ती म्हणाली, "ही हृदयाची रक्तवाहिनी. रक्तात ही चरबी जास्त झाली की ती वाहिनीच्या अस्तराखाली शिरते. वर्षानुवर्षं साचत राहते. तिच्यावर शरीर एक पातळ साय धरतं. माणसाला काही कळत नाही. चालतो, जेवतो, माडावर चढतो. मग एक दिवस ती साय फाटते. रक्ताला वाटतं, इथे जखम झाली. ते तिथे गुठळी धरतं, वाहिनी बंद होते, आणि पलीकडचा हृदयाचा तुकडा रक्तावाचून मरायला लागतो. तुमच्या भावाचं हेच झालं असणार."

सत्यवान कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला.

"म्हणजे सोंड्यो," तो म्हणाला.

"कोण?" बाईंनी विचारलं.

नर्मदेने अडखळत शुद्ध भाषेत भुंग्याची सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरीणबाई खूश झाली. "अगदी तसंच! आणि ही गोळी काय करते, तर यकृतात ही चरबी तयार होणंच कमी करते. साचलेलं थोडं आकसतं, वरची साय जाड आणि घट्ट होते. मग ती सहजी फाटत नाही. रोज संध्याकाळी एक. बंद करायची नाही. आणि खोबरं जरा कमी."

सत्यवानाने मान हलवली. नर्मदेला वाटलं, नवऱ्याला आज सगळं समजलं. समजलं होतंच. पण पाडेल्याला समजावं तसं समजलं होतं. सोंड्या लागलेल्या माडाला काय करतात? भोक साफ करतात, आत औषध ओततात, तोंड मातीने लिंपून टाकतात. एकदाच. महिनोन् महिने रोज कुणी माडाला औषध पाजत बसत नाही.

खोबरं जरा कमी करायचं होतं, त्याने ते सोडलंच. एखादी गोष्ट देवाला वाहून टाकावी तसं. मालवणी घरात खोबऱ्यावाचून स्वयंपाक म्हणजे काय, ते नर्मदेलाच माहीत. बांगड्याच्या तिखल्याला वाटण नाही, उसळीत कातळी नाही, आंबोळीबरोबर चटणी नाही. स्वतः पाडलेले नारळ ओसरीवर ढीग लागून पडलेले आणि ताटात एक कीस नाही. शेजारणी म्हणत, "गो नर्मदे, घोवाक उपाशी मारतंस काय?" सत्यवान मात्र अभिमानाने सगळीकडे सांगे, "खोबरां सोडलंय मी." तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं. एकशे चौऱ्याऐंशीचं ब्याण्णव झालं होतं. "गोळीचं काम छान चाललंय," डॉक्टरीणबाई म्हणाली.

सत्यवानाने ऐकलं, काम झालं.

हे सगळं नर्मदेला तेव्हा ठाऊक नव्हतं. ती महिन्याच्या महिन्याला नाक्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणत होती. दुकान तुबा चालवते. औषधांचं शिक्षण घेऊन रत्नागिरीहून परत आलेली, बंदरावरच्या मासळीवाल्या नुरुद्दीनची मुलगी. "काकी, काकांची पाकिटां," असं म्हणत ती न विचारताच तीन पाकिटं पुढे करी. संध्याकाळी जेवणाआधी सत्यवान फडताळाकडे जाई, तांब्याने पाणी पिई आणि मिशी पुसत पाटावर बसे. नर्मदा तिकडे पाहत नसे. पाणी प्यायल्याचा आवाज तेवढा ऐकत असे.

मग मार्गशीर्षात देवाने कौल दिला आणि गावपळण ठरली.

माडयेत चार वर्षांनी एकदा गाव मोकळा करतात. तीन दिवस, तीन रात्री गावात माणूस राहत नाही. गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं घेऊन लोक शिवेबाहेर जातात, चुडतांच्या, म्हणजे विणलेल्या झावळ्यांच्या, खोपी घालून राहतात. देवळातला नगारा वाजला की घराला कडी घालून निघायचं. मग परतीचा कौल मिळेपर्यंत शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही. हिंदू, मुसलमान, सगळ्यांनीच. लहानांना ती जत्रा वाटते, म्हाताऱ्यांना देवाचं काम वाटतं, बायकांना उठाठेव वाटते आणि मजाही वाटते.

निघायच्या सकाळी सत्यवान भाईबरोबर पुढे गेला होता, खोपींसाठी झावळ्या विणायला. त्याच्याइतकं झटपट झाप कुणी विणत नाही. जाताना सांगून गेला, "एक कोयतो जास्ती घेऊन ये गो." घरात दुसरा कोयता एकच होता. परशुरामाचा. माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला. दोन वर्षांत तिने त्याला हात लावला नव्हता. नर्मदेने शिडी लावून तो खाली ओढला. गोणपाट सोडलं. आत कोयता होता, लाकडी आकडी होती, दोर होता, आणि दोराच्या वेटोळ्यात गोळ्यांची पाकिटं.

तिने ती जमिनीवर मांडली. पंधरा. चकचकीत पापुद्र्याखाली सगळ्या गोळ्या जागच्या जागी होत्या. एकही दाबून काढलेली नव्हती.

पाच महिने, तिने हिशेब केला. पाच महिने हा माणूस नुसतं पाणी पीत होता.

बाहेर नगारा वाजायला लागला. टोपलीखाली कोंबड्या फडफडत होत्या, म्हैस दावं ओढत होती. बसायला, रडायला, रागवायला वेळच नव्हता. तिने पाकिटं कापडी पिशवीत कोंबली, पिशवी कमरेला खोचली आणि दाराला कडी घातली.

व्हाळाच्या ओढ्यापलीकडे, शेजारच्या गावाच्या भरडावर, उघड्या माळावर, माडये गाव उतरलं होतं. पत्त्यांचे डाव पडले होते. बायका तीन दगडांच्या चुलींवर भात शिजवत होत्या, एकीची कढी दुसरीच्या खोपीत जात होती. नर्मदा उठली, बसली, की कमरेला पाकिटं करकरत. तिला वाटे, सगळ्या भरडाला ऐकू जातंय. सत्यवानाला मात्र काही ऐकू जात नव्हतं. तो पाय पसरून बसला होता आणि पोटऱ्या चोळत होता. हे तिने पाहिलं. पाहिलं आणि मनाशी म्हटलं, चढून चढून दमलाय.

दिवसभर ती त्याच्यामागे होती. तो पाण्याला गेला की तीही हंडा उचले. तो पत्त्यांना बसला की ती दहा हातांवर तांदूळ निवडे.

"वयनी, घोव पळान जावचो नाय," भाई म्हणाला. "शिवेच्या भायर तर तेच्या वळखीचो एक माडय नाय."

सगळे हसले. सत्यवानही हसला. नर्मदेला हसता आलं नाही. ती गेल्या काही महिन्यांचे आवाज आठवत होती. पावसाळ्याआधी दोर खोडावरून एका लयीत वर जायचा. दिवाळीनंतर मध्येच थांबायला लागला. आधी दहाव्या-बाराव्या माडावर, मग सातव्या, आणि मागच्या आठवड्यात तर तिसऱ्याच माडावर अर्ध्यात आवाज बंद झाला होता. बराच वेळ. खाली आल्यावर छाती चोळत म्हणाला होता, "पित्त. सोलां दी." तिने कोकमाची सोलं पाण्यात कुस्करून दिली होती. बरं वाटलं होतं. तिला ते वय वाटलं होतं. माडाला कान लावणाऱ्या माणसाची ती बायको. तिने सगळं ऐकलं होतं आणि एक अक्षर समजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने तुबाला गाठलं. नुरुद्दीनच्या खोपीमागे ती भांडी घासत होती. नर्मदेने पिशवी सोडून दाखवली. तुबाचे राखेचे हात तसेच राहिले.

"अल्ला! ही सगळी?"

"रिपोर्ट बरो इलो मा, बाये. मगे आता गोळी नाय घेतली तर काय होता? खरां सांग."

तुबाने थोडा विचार केला. "काकी, तू आंगण रोज झाडतंस मा? काल झाडलंस म्हणान आज ऱ्हवता काय स्वच्छ? पानां पडतच ऱ्हवतत. तशी ही चरबी आपला यकृत रोज करता. गोळी घेतंस तोवर कमी करता. सोडलंस की महिन्या-दोन महिन्यांत परत होती तितकीच." मग आवाज उतरवून तिने विचारलं, "तेंका छातीत काय होता?"

नर्मदेने दोराची गोष्ट सांगितली. दहावा माड, सातवा, तिसरा. तुबाचा चेहरा बदलला.

"काकी, ह्या पित्त नाय. कमी कमी कष्टात दुखूक लागला म्हणजे चांगला लक्षण नाय. आजच दाखवा. आणि तेंनी गोळी कित्याक सोडली, तां इचारलंस?"

"नाय."

"इचार तरी."

विचारायचं कसं? सत्तावीस वर्षांत तिने त्याला चारचौघांत कधी अडवलं नव्हतं, आणि खोपींच्या त्या गर्दीत एकांत असा नव्हताच. संध्याकाळी तिने एवढंच म्हटलं, "डॉक्टरबाईंकडे जावन येवया काय?" तो म्हणाला, "गावात गेल्यार बघू. माका काय्येक जावक नाय." आणि फडताळ नव्हतं तरी सवयीने तांब्याभर पाणी प्यायला. ती रात्र तिने कुशी बदलत काढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाईला शहाळ्यांची लहर आली. भरडाच्या कडेला शेजारच्या गावातल्या कुणाचे पाच-सहा माड होते. मालकाने हसत परवानगी दिली. "सत्यवानानु, चला, चला!" पोरं ओरडायला लागली.

"नको," नर्मदा म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. सत्यवानही. "काय नको?"

"आज चढा नको."

"एका माडान काय होता गो?" तो जरा चिडलाच. चारचौघांत पाडेल्याला चढू नको म्हणणं म्हणजे काय, हे तिला कळत होतं. त्याने दोर पायात घातला आणि खोडाला हात लावला.

त्या दिवशी नर्मदेने वर पाहिलं. दोर खर्र खर्र वर गेला, माणसाच्या दोन उंचीइतका, तीन उंचीइतका, आणि थांबला. सत्यवान खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारून राहिला. गाल खोडाला टेकलेला. खालून वाटावं, कान लावून भुंगा ऐकतोय.

"काय रे, निजलंस काय वर?" भाई ओरडला.

वरून उत्तर आलं नाही. नर्मदेने ओरडण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडले तर तो दचकेल. तिने दहा अंक मोजले, पुन्हा दहा मोजले. मग दोर हलला. खाली यायला लागला, एक एक वीत. जमिनीवर पाय टेकले तेव्हा मार्गशीर्षातल्या थंडीत त्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि चेहरा चुलीतल्या राखेसारखा झाला होता.

"पित्त," तो म्हणाला. "पानी दी." आणि खोडाला टेकून बसला.

परशुराम बसला होता तसाच.

नर्मदा पाणी आणायला गेली नाही. "भाईनु, रिक्षा काडा," ती म्हणाली, आणि तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "आत्ताच्या आत्ता. आणि तुमी हलू नकात, बसल्यात तसेच ऱ्हवा."

आरोग्य केंद्र पुढच्या गावात होतं, पाच किलोमीटरवर. केंद्रात डॉक्टरीणबाईने सत्यवानाला झोपवून छातीला वायरी लावल्या, पट्टी काढली, ती उजेडाकडे धरून पाहिली. एक गोळी चघळायला दिली, एक जिभेखाली ठेवायला. थोड्या वेळाने त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

"अटॅक आलाय असं आत्ता दिसत नाही," ती म्हणाली. "पण तो दारात उभा आहे. कोलेस्टेरॉलची गोळी रोज घेता ना?"

"घेतो," सत्यवान म्हणाला. "रोज घेतो."

शुद्ध भाषेत म्हणाला. तलाठ्याकडे, बँकेत बोलायची ती भाषा. नर्मदेला वाटलं, या भाषेत खोटं बोलणं त्याला सोपं जात असेल.

डॉक्टरीणबाई मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला लागली. "रोज घेऊनही त्रास वाढतोय, म्हणजे गोळी पुरत नाही. दुप्पट करावी लागेल."

दुप्पट. जी तो घेतच नाही, तीच दुप्पट. पुढच्या मोठ्या दवाखान्यातही हेच लिहून जाणार. तिथले डॉक्टर याच कागदावर विसंबणार. नर्मदेने कमरेची पिशवी काढली आणि टेबलावर उलटी केली. पंधरा पाकिटं एकावर एक घसरत पसरली. एक खाली पडलं. तिने ते वाकून उचललं आणि बाकीच्यांजवळ ठेवलं.

सत्यवानाने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. इतकी वर्षं वर न पाहणाऱ्या बाईने आज वर पाहिलं होतं, एवढंच त्याला कळल्यासारखं दिसलं.

"अहो, हे काय!" डॉक्टरीणबाईचा आवाज चढला. "एवढं समजावून सांगितलं होतं मी. तुमचा सख्खा भाऊ—"

"बाई," नर्मदा म्हणाली, "रागावू नका. आधी विचारा, का सोडली. मी पण नाही विचारलं."

डॉक्टरीणबाई थांबली. खुर्ची ओढून त्याच्या खाटेजवळ बसली. "का सोडली?"

सत्यवान छताकडे पाहत होता. बोलला तेव्हा शुद्ध भाषा गळून पडली होती.

"पाय दुकतत."

"कुठे?"

"पोटऱ्यो. मांड्यो. खाली असल्यार सोसता. वर गेलंय की पाय थरथरतत, दोर सुटतलो असा वाटता. दोन वेळा सुटता सुटता ऱ्हवलो. मी काय हृदयान चढाक नाय, बाई. पायान चढतंय. रिपोर्ट बरो इलो, खोबरां सोडललाच होता. म्हटलंय, सोंड्यो गेलो, आता औषध कित्याक? परशो खाली उतरान गेलो. पडलो नाय तो. आमच्या घरात माडावरसून कोण पडाक नाय."

नर्मदेने तोंडाला पदर लावला. तिला इतकी वर्षं तो पडताना दिसत होता. त्यालाही दिसत होता, हे तिला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाईने निम्मंच समजून घेतलं असेल, पण मुद्दा तिला कळला. काही माणसांचे स्नायू या गोळीने दुखतात, ती म्हणाली. हे आधी सांगायचं. मी विचारायला हवं होतं, माझंही चुकलं. दुखणं गोळीचंच आहे की कष्टाचं, ते रक्त तपासून बघतात. गोळी कमी करता येते, बदलता येते, दुसऱ्या जातीचं औषध जोडता येतं. "रस्ते पुष्कळ आहेत. फक्त गुपचूप थांबवू नका. तुमच्या माडाला औषध एकदा ओतून भागतं. माणसाचं तसं नाही. इथे भुंगा रोज नवा येतो."

तासाभरात रुग्णवाहिका आली. मोठ्या दवाखान्यात मनगटातून तार घालून तपासलं. एक वाहिनी नव्वद टक्के बंद होती, तिथे स्प्रिंग बसवली. दुसरी निम्मी भरलेली. ती औषधावर सांभाळायची, असं ठरलं. अक्षया सावंतवाडीहून आली आणि बापाच्या उशाशी बसून आधी रडली, मग भांडली. गावपळणीच्या चौथ्या दिवशी देवाने परतीचा कौल दिला. गाव वाजतगाजत घरी गेलं. ह्या दोघांच्या घराची कडी आणखी चार दिवस तशीच राहिली.

ते परतले तेव्हा भाई दारातच बसला होता. "काय रे, सगळ्यांची गावपळण तीन दिसांची, तुझी आठ दिसांची? देवाक सांगून गेल्लंस काय?" सत्यवान बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला.

आता तो माडावर चढत नाही. चढेल की नाही, हे दोन महिन्यांनी ठरेल. डॉक्टरांनी ना हो म्हटलंय ना नाही. दारातला माड पिकून गेला आहे. वारा नसतानाही एखादा सुका नारळ धप्पकन पडतो आणि नर्मदा हातातलं काम टाकून बाहेर धावते. बाहेर तो अंगणात बसलेला असतो, किंवा खोडाला कान लावून उभा. बागायतवाले आता त्याला माड तपासायला बोलावतात. जेवणात थोडं खोबरं परत आलंय. डॉक्टरीणबाईने त्याला तसं लिहूनच दिलंय, नर्मदेच्या आग्रहावरून. शेजारणींना दाखवायला.

गोळी नवी आहे, कमी ताकदीची, जोडीला दुसरी एक. पाकिटं माळ्यावर नाहीत, परशुरामाच्या आकडीला अडकवून चुलीजवळच्या खिळ्याला टांगली आहेत. रोज दिवेलागणीला नर्मदा भाकरी थापते आणि कान तिकडे ठेवते. तो खिळ्याकडे जातो. मग पापुद्रा फुटल्याचा एक बारीक आवाज. टक्. मग पाणी.

परवा तो आवाज आलाच नाही. पावलं खिळ्यापर्यंत गेली आणि थांबली. तव्यावरची भाकरी फुगली, करपायला लागली. नर्मदेने मागे पाहिलं नाही. मनातल्या मनात मोजत राहिली.

"गो," मागून सत्यवान म्हणाला. "आज उजवी पोटरी जरा दुकता."

तिने तवा खाली उतरवला. हात पुसले. "कालच्यापेक्षा जास्ती?"

"कालच्याइतकीच. सांगून ठेवतंय आपला."

"सकाळी तुबाक इचारून बाईंका फोन करूया."

"करूया."

नर्मदा वाट पाहत राहिली.

टक्.